नर्सबाईच्या रेंगीची घुंगरं

बाळंतपण हे बायकांचं काम, त्यात पुरुषानं तोंड घालू नये, असं आमच्या झाडीपट्टीत म्हणतात. बरोबरच आहे. मीही कधी तोंड घातलं नाही. पण नर्सबाई काही उडत जात नव्हत्या. रस्ता म्हणजे धानाच्या बांध्या (भाताची खाचरं), नाले आणि मग जंगल. त्यातून त्यांना बाळंतिणीच्या दारापर्यंत नेणारा आणि परत आणणारा माणूस मी, लहानू. रेंगी माझी, बैल माझे. तेव्हा या कामात माझं काही नव्हतं असं कोणी म्हणालंच, तर त्यानं एकदा भरल्या नाल्यातून बैल काढून दाखवावे, मग बोलावं.

मी शिकलेला नाही. दुसरीत असताना मास्तर म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, नाही मागत. तिथंच शाळा सुटली. अक्षरओळख राहिली तेवढ्यावर हे लिहितो आहे. जिथं हात अडतो तिथं नात लिहून देते, पण शब्द माझेच ठेवायचे असं तिला बजावलं आहे.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. वडशाहून आत, वैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव. नाव लिहीत नाही, ज्यांच्याबद्दल सांगतो आहे त्यांच्या लेकी-सुना अजून तिथं नांदतात. गावात कौलारू दवाखाना होता आणि तिथं कमलाबाई नावाच्या नर्सबाई आल्या. नागपूरला शिकलेल्या, अंगानं बारीक, पांढरं लुगडं, एक कातडी पिशवी. आजूबाजूच्या गावांत कोणी बाई अडली की माणूस धावत यायचा आणि मी रेंगी जुंपायचो. रेंगी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, वर बांबूच्या ताट्याचं छप्पर. खाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालायची ती हातभर जाड. नर्सबाईंसाठी नाही, त्यांना हिसके चालायचे. परतताना एखादी बाळंतीण वडशाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची पाळी आली तर तिच्यासाठी. उतारावर गाडी बैलांच्या मानेवर जाऊ द्यायची नाही, चाक दगडावर न चढवता बाजूनं काढायचं, हे सगळं मी कोणाकडून शिकलो नाही.

दारापर्यंत पोचलो की माझं काम संपायचं. अंगणात पुरुषाला जागा नाही. गोंडांच्या गावात तर बाळंतिणीची झोपडीच वेगळी, घरापासून दूर, आणि कुंपणाच्या आत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. तिथं एकदा एक म्हातारा माझ्याजवळ मोहाच्या झाडाखाली येऊन बसला, तंबाखू दिली आणि म्हणाला, “तू इथीच बस. लेकराचा बाप बी इथीच बसते.” बाप शेजारीच होता. आम्ही तिघं तंबाखू चोळत बसलो. बाहेर बसून कान तयार होतात. आत बाई ओरडते आहे तोवर मी निवांत असायचो. आत सगळंच एकदम गप्प झालं की विडी विझवायचो.

आता नर्सबाईंची जी सवय मला पहिल्या पहिल्यांदा खुळेपणाची वाटली ती सांगतो. परतताना पहिला नाला लागला की त्या म्हणायच्या, “थांबा, लहानूभाऊ.” उतरायच्या, पाय धुवायच्या, दगडावर बसायच्या आणि मोठ्यानं बोलायला लागायच्या. मला नाही, बैलांना नाही, पाण्याकडे बघून. घरात शिरल्यापासून काय केलं ते सगळं ओळीनं. आधी कोणाशी बोलले, हात केव्हा लावला, बाई काय म्हणाली, मी ऐकलं का, घाई कुठं केली. एखाद्या ठिकाणी थांबायच्या आणि म्हणायच्या, “हं. इथं.” म्हणजे चूक सापडली. मग उठायच्या.

मी म्हटलं, “बाई, लेकरू चांगलं झालं, माय चांगली आहे, घरच्यांनी गूळ वाटला. मंग आता हे कायले?”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “वाईट झालं की सगळे विचारतात. चांगलं झालं की कोणी विचारत नाही. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी घातलेली सवय आहे ही. चांगल्या दिवशी स्वतःला विचारायचं, म्हणजे वाईट दिवशी खोटं बोलता येत नाही.”

आणि सगळ्यात शेवटी, पाय पुसता पुसता, त्या मलाही विचारायच्या, “आणि लहानूभाऊ, तुम्ही काय केलं?”

“बंडी हाकलली,” मी म्हणायचो.

“कशी?”

मला राग यायचा. कशी म्हणजे काय? चाकावर! मी उठून बैल जुंपायचो. त्या पुढं विचारायच्या नाहीत. पण पुढच्या वेळी पुन्हा विचारायच्याच.

त्यांची ही सवय किती खरी होती ते मला एका म्हशीनं दाखवलं. एक माणूस रडत आला, “चला जी बाई, घरची लय तडफडून राह्यली.” आम्ही गेलो तर गोठ्यात म्हैस अडलेली. तो हात जोडून म्हणाला, “म्हैस म्हटलं असतं त तुमी आल्या असत्या का जी?” बाई त्याच्यावर बरसल्या. मग पदर खोचला, गरम पाणी मागितलं आणि रेडकू काढून दिलं. मला वाटलं, आज तरी नाल्यावर थांबणार नाहीत. थांबल्या. सगळं बोलल्या. मध्येच म्हणाल्या, “हं. इथं. मी त्या माणसावर रागावत उभी राहिले. तेवढा वेळ म्हैस तशीच तडफडत होती.”

म्हशीच्या बाबतीतसुद्धा स्वतःची चूक शोधणारी बाई मी त्यानंतर पाहिली नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, शंकरपट भरला. बैलांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात. माझे खैऱ्या-लाख्या असे पळाले की चार गावची माणसं रेंगीजवळ येऊन त्यांच्या पाठीवर हात फिरवून गेली. माझ्या बापाच्या बैलांनीही असंच नाव काढलं होतं. त्याच्या पितळी घुंगरमाळा पेटीत होत्या, त्या काढल्या, चिंचेनं घासल्या आणि बैलांच्या गळ्यात बांधल्या. जंगलातून जाताना अस्वल आवाजानं बाजूला होतं हे एक कारण होतंच. पण खरं कारण ते नव्हतं. नाल्यापलीकडच्या गावाला कळायचं, लहानूची रेंगी आली. पोरं धावत वेशीवर यायची. नर्सबाईही म्हणाल्या, छान वाजतात.

आणि त्याच हिवाळ्यात बाईंचं काम बिघडलं.

जिथं जावं तिथं बाळंतीण आधीच थकून पडलेली. अंगात जोर नाही, डोळे पांढरे, ओठ सुकलेले. बाई आत जायच्या आणि तिथून पुढं नुसती झुंज. एकीला वडशाला न्यावं लागलं, ती वाचली. दुसरीचं मूल निळं जन्मलं आणि रडलंच नाही. त्या दिवशी नाल्यावर बाई बसल्या, सगळं बोलल्या, पण “हं, इथं” म्हणाल्या नाहीत. पुन्हा सुरुवातीपासून बोलल्या. तरी नाही. बैल पाणी पिऊन कंटाळले.

गावांत बोलणं सुरू झालं. बाईचा पायगुण चांगला नाही. आली का बाळंतीण थकते. आठवडी बाजारात एकीनं मला ऐकवलंच, “तुह्या नर्सबाईले घरीच ठेव गा लहानू, आमच्या सुईनीच बऱ्या.”

एकदा परतताना बाई छपराखालून म्हणाल्या, “लहानूभाऊ, मी होळीपर्यंत बघते. माझं कुठं चुकतंय ते मला सापडलं नाही तर हे काम सोडते. वर्ध्याला बहीण आहे, तिथं शाळेत शिवण शिकवीन.”

“काही चुकत नाई तुमचं,” मी म्हटलं.

“चुकत नसतं तर ते बाळ रडलं असतं,” त्या म्हणाल्या. बाई गेल्या असत्या तर दुसरी या रानात आली नसती. आमच्या गावात आधीच्या बायकांची काय गत व्हायची ते मला ठाऊक होतं. माझी आई माझ्या धाकट्या भावाच्या वेळी गेली, भाऊही गेला.

मग होळीच्या थोडं आधी तलावाकाठच्या ढिवरांच्या वस्तीतून बोलावणं आलं, बाळंतिणीच्या नवऱ्यानं धाडलेलं. मासे धरणारी माणसं. तिथं आम्ही आधी कधी गेलो नव्हतो. सकाळची वेळ. वस्ती लांबवर नजरेत आली आणि एका खड्ड्यात रेंगीचा आख कडाडला. मी म्हटलं, “बाई, बसा. बांधून घेतो.” त्या म्हणाल्या, “तुम्ही या मागून, मी पायी जाते.” पिशवी घेतली, लुगडं वर खोचलं आणि चिखलातून बांधानं गेल्या. मी बैल सोडले, ओल्या वाकाच्या दोरीनं आख आवळत बसलो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बाईंनी नंतर नाल्यावर सांगितलं ते लिहितो.

घरात बायकांची गर्दी. शेजारच्या गावांतूनही बायका आलेल्या, त्यामुळे चिखलानं भरलेल्या या बाईकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. आणि बाईंनीही आपण कोण ते सांगितलं नाही. त्यांनी त्या दिवशी मनाशी ठरवलंच होतं की आज आधी तोंड उघडायचं नाही, नुसतं बघायचं. दाराजवळ बसल्या. वस्तीची सुईण भागरथाबाई, म्हातारी, हाडांची कडक, बाळंतिणीच्या कमरेला तेल चोळत होती. मध्येच तिला पेज पाजत होती. बाळंतीण कळ आली की भिंतीला धरायची, कळ गेली की टेकायची. सगळं शांत. बाई बघत राहिल्या आणि त्यांच्या मनात आलं, हे तर किती छान चाललंय. मग मी येते तिथंच का बिघडतं?

तेवढ्यात लांबून माझ्या घुंगरमाळा वाजल्या.

भागरथाबाई ताडकन उठली. “आली वो सरकारी बाई! आली! ते चिमट्यानं ओढून काढते लेकरू. उठ पोरी, बस उकिडवी. कुंथ! ते दारात याच्या आत होऊ दे. कुंथ वो माय!” सगळ्या बायका ओरडायला लागल्या, “कुंथ, कुंथ!” एकीनं मागून तिच्या पोटावर दाब दिला. पोरगी जिवाच्या आकांतानं जोर लावायला लागली, वेळ झालेली नसताना.

नर्सबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “थांबा. सरकारी बाई मीच आहे. मघापासून इथंच बसले आहे.”

भागरथाबाई पिशवीकडे बघून म्हणाली, “मंग ते कोन येऊन राह्यलं?”

“बैल येताहेत,” बाई म्हणाल्या.

चिमट्याचं म्हणाल तर पिशवीत होता. उकळत्या पाण्यातून कात्री उचलायचा चिमटा. कुठल्या तरी गावात कोणी तरी तो पाहिला आणि तिथून ही बातमी आमच्या रेंगीच्या पुढं पळत होती. ज्या गावात घुंगरं ऐकू यायची तिथं आम्ही नाला ओलांडून पोचेपर्यंत बायका त्या बाळंतिणीला कुंथायला लावायच्या. बाईंनी मला साध्या शब्दांत समजावलं: आतलं तोंड पुरतं उघडायच्या आधी जोर लावला तर वाट सुजते आणि बाई थकते. मग खरी वेळ येते तेव्हा तिच्याजवळ काही उरत नाही.

तर मी अंगणाबाहेर रेंगी लावली, तेवढ्यात बाई बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “लहानूभाऊ, बैलांच्या माळा काढा.”

मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “काऊन?”

“नंतर सांगते. आधी काढा.”

ढिवरांची सगळी माणसं बघत होती. शंकरपटाचे बैल म्हणून त्यातले दोघं कौतुकानं पुढं आले होते. मी म्हटलं, “नाई काढत. माह्या बापाच्या आहेत.” बाई तशाच आत गेल्या.

पोरीला त्यांनी कुशीवर निजवलं. कुंथू नको, नुसता श्वास सोड, म्हणून सांगत राहिल्या. भागरथाबाईला तेल चोळतच ठेवलं, हाताला काम असलं की म्हातारी ओरडत नव्हती. सूर्य डोक्यावर आला. मी विडी विझवली, पेटवली, पुन्हा विझवली. मग लेकरू रडलं. मुलगी. भागरथाबाई बाहेर आली, माझ्या बैलांकडे बघून म्हणाली, “कायचे माळा अन् कायचं काय! मले वाटलं यमाचाच रेडा आला का.”

नाल्यावर बाईंनी हे सगळं सांगितलं. सापडलं म्हणून त्या हसल्या नाहीत, की माझ्याकडे बोटही दाखवलं नाही. उलट म्हणाल्या, “हं. इथं. मी इतके दिवस स्वतःला आत शिरल्यापासून विचारत होते. माझं येणं तर त्याच्या आधीच सुरू होत होतं.” मग पाय पुसले आणि विचारलं, “तुम्ही काय केलं, लहानूभाऊ?”

“बंडी हाकलली,” मी म्हटलं आणि बैल जुंपले. माळा वाजवतच घरी आलो.

घरी जेवायला बसलो. भात टचटचीत. दाताखाली दाणा लागत होता. मी ताट सरकवलं, “हा भात आहे का कनकी आहे वं? रोज कच्चा!”

माझी बायको सगुणा कधी आवाज चढवायची नाही, पण सोडायचीही नाही. म्हणाली, “मंग काय करू? तुमच्या माळा नाल्यावर वाजल्या का मी भात उतरवतो. उशीर झाला त तुमी बोंबलता. मंडई झाली तवापासून कच्चाच उतरवून राह्यलो. आज ध्यानात आलं का तुमच्या?”

मी ताट पुन्हा ओढलं आणि तो कच्चा भात शेवटपर्यंत खाल्ला. चावायला वेळ लागला. विचार करायला तेवढाच वेळ मिळाला.

माझं चुकलं असं मी बाईंना म्हटलं नाही. आताही म्हणत नाही. बैलाला घुंगरू बांधणं ही काही चूक नाही, आणि चिमट्याची बातमी मी पसरवली नव्हती. पण होळीच्या आदल्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. जंगलभर माळा वाजू दिल्या. गावाच्या अलीकडे, आवाज पोचणार नाही इतक्या लांब, रेंगी थांबवली. म्हटलं, बैलांना पाणी पाजतो. खाली उतरून माळा सोडल्या, दुपट्ट्यात गुंडाळल्या आणि तणशीत खोचल्या. बाई छपराखाली बसून सगळं बघत होत्या. तिथं पाणी नव्हतं हे त्यांनाही दिसत होतं.

पुढं हीच रीत झाली. जाताना गावाच्या बऱ्याच अलीकडून गप्प. परतताना मायलेकरं दोघं चांगली असली तर माळा बांधून निघायचं. वाटेवरच्या गावांनी त्याचा अर्थ आपोआप लावून घेतला. बांधीत धान कापणारी बाई कमरेत वाकलेलीच असायची, घुंगरं वाजली की म्हणायची, “झालं वाटते चांगलं.” न वाजवता परत यायचेही दिवस आले. नाहीत असं कसं होईल? त्या दिवशी बांधीतल्या बायका उभ्या राहून रेंगी जाईपर्यंत बघत राहायच्या. आणि नर्सबाई नाल्यावर थांबून, चांगल्या दिवशी बोलायच्या तितकंच, तसंच, ओळीनं बोलायच्या. एकही गोष्ट गाळायच्या नाहीत. आता आमच्याकडे दवाखाने मोठे झाले, जिपा आल्या, शिकलेल्या पोरी आल्या. त्यांच्या हाताला माझ्यासारख्यानं काय नावं ठेवायची? पण एवढं विचारावंसं वाटतं, की पोरींनो, परतताना तुम्ही कुठं थांबता?

त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आम्ही न वाजवता गेलो तेव्हा घरात कोणी कोणाला कुंथ म्हणत नव्हतं. बाळंतीण भिंतीला टेकून शेजारणीशी बोलत होती. बाईंना फार काही करावंच लागलं नाही. परतताना नाल्यावर त्या बसल्या, बोलल्या, एका ठिकाणी “हं, इथं” म्हणाल्या, आणि पाय पुसता पुसता त्यांनी विचारलं, “लहानूभाऊ, तुम्ही काय केलं?”

“बंडी हाकलली,” मी म्हटलं.

मी बैलांच्या पाठीवर पाणी मारत होतो.

“गुमान हाकलली,” मी म्हटलं.

बाई उठल्या. म्हणाल्या, “होळी झाली की दवाखान्यामागं पपई लावू या. कुंपणाला काट्या आणून द्याल?” वर्ध्याचं नाव त्यांनी त्यानंतर काढलं नाही, मीही विचारलं नाही. तणशीतल्या माळा काढून मी बैलांच्या गळ्यात बांधल्या आणि वाटेवरच्या सगळ्या गावांतून वाजवत आणल्या.

आमच्या गावाचा नाला आला तेव्हा खाली उतरून पुन्हा सोडल्या.

बाईंना दवाखान्यात उतरवलं आणि घरासमोर रेंगी उभी केली. सगुणा चुलीपुढं बसली होती. मागं वळून बघते तर मी दारात. दचकलीच.

“बाप्पा! केव्हा आले तुमी? भात चुलीवरच आहे अजून.”

“राहू दे,” मी म्हटलं. “शिजू दे.”

आणि ओट्यावर जाऊन बसलो.